उंदराच्या हाडातील पेशीविभाजनाचे अभिरंजन : नमुना तयार करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील आमच्या ऊतिशास्त्र प्रयोगशाळेत दरवर्षी नवे संशोधक विद्यार्थी येतात आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात तेच ते प्रश्न विचारू लागतात. बहुतेकांचा प्रश्न रंगाचा असतो, उत्तर मात्र रंगाच्या तीन आठवडे आधी घडलेल्या गोष्टीत सापडते. म्हणून ही उत्तरे लिहून ठेवली आहेत. ती उंदराच्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडावरील कामाला धरून आहेत, मात्र बरगडी, मणके किंवा कवटीचे हाड घेणाऱ्यांनाही त्यांतले बरेचसे लागू पडेल.

यकृत किंवा आतड्याची पद्धत हाडाला जशीच्या तशी का चालत नाही?

हाडात एकमेकांशी न जमणाऱ्या वस्तू शेजारी शेजारी नांदत असतात. बाहेर कॅल्शियम फॉस्फेटने कठीण झालेले कवच, टोकाला पाण्याने भरलेली कूर्चा आणि आत लोण्यासारखी मऊ अस्थिमज्जा, अशी ही रचना आहे. कवचामुळे फिक्सेटिव्ह (पेशी आहेत तशा टिकवणारे द्रावण) आत शिरायला वेळ लागतो, कॅल्शियम न काढता मायक्रोटोम या काप करण्याच्या यंत्रावर कापू गेल्यास पात्याची धार जाते आणि सेक्शन (पातळ काप) फाटते, तर कॅल्शियम काढण्यासाठी वापरलेले द्रावणच पुढे डीएनएचे किंवा प्रतिजनाचे (ज्याला प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, चिकटतो त्या भागाचे) नुकसान करू शकते. पेशीविभाजनाच्या बहुतेक चाचण्या केंद्रकातील डीएनएवर किंवा केंद्रकातील प्रथिनावर अवलंबून असल्यामुळे हे नुकसान नेमके आपल्या वर्मावर बसते. स्लाइडवर रंग न आल्यावर प्रतिपिंडाला दोष देणे सोपे असते, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ईडीयू, बीआरडीयू की केआय-६७ : यांपैकी काय निवडावे?

प्रश्न काय विचारायचा आहे, त्यावर हे ठरते. ईडीयू आणि बीआरडीयू हे दोन्ही थायमिडीनसारखे रेणू असून ते जिवंत उंदराला टोचावे लागतात. त्या वेळी ज्या पेशी डीएनएची प्रत तयार करत असतात, म्हणजे एस-अवस्थेत असतात, त्यांच्याच डीएनएमध्ये ते कायमचे गुंफले जातात. केआय-६७ हे पेशीचे स्वतःचे प्रथिन आहे. ते विभाजनचक्राच्या सर्व सक्रिय अवस्थांत दिसते आणि विश्रांत पेशीत दिसत नाही. १९८३ साली जर्मनीतील कील शहरात ते ओळखणाऱ्या प्रतिपिंडाचे वर्णन झाले. शहराच्या नावातली दोन रोमन अक्षरे आणि प्रयोगाच्या तबकडीतल्या ज्या खळग्यात तो मूळ क्लोन (प्रतिपिंड बनवणारा पेशीसमूह) वाढला त्याचा ६७ हा क्रमांक मिळून हे नाव पडले. उंदीर आधीच मारले गेले असतील आणि हाडे बसवलेले मेणाचे ब्लॉक कपाटात पडून असतील, तर केआय-६७ हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

बीआरडीयूची अडचण अशी की त्याचा प्रतिपिंड दुहेरी साखळीतल्या बीआरडीयूपर्यंत पोहोचू शकत नाही. साखळी उघडण्यासाठी सेक्शनला २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंश सेल्सिअसला साधारण ३० मिनिटे ठेवावे लागते आणि नंतर ८.५ पीएचच्या बोरेट बफरने ते आम्ल मारावे लागते. हाडाचे सेक्शन काचेला मुळातच जेमतेम धरून असते, त्यामुळे ही पायरी त्याला झेपेलच असे नाही. ईडीयूला साखळी उघडण्याची गरज नाही. त्याच्या टोकाला असलेला अल्काइन गट तांब्याच्या उपस्थितीत रंगीत अझाइडशी जोडला जातो, आणि हा रंगीत रेणू प्रतिपिंडाच्या तुलनेत इतका लहान असतो की तो घट्ट डीएनएतही शिरतो. डीएनए-संश्लेषण पाहण्याची ही पद्धत २००८ साली प्रसिद्ध झाली. ज्या क्लिक रसायनशास्त्रावर, म्हणजे रेणूंच्या अशा थेट जोडणीवर, ती उभी आहे, त्याला २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नव्याने प्रयोग आखणाऱ्यांना आम्ही हाडासाठी ईडीयूच सुचवतो.

फॉस्फो-हिस्टोन एच-३ हा प्रतिपिंड प्रत्यक्ष विभाजित होणाऱ्या मोजक्याच पेशी दाखवतो, त्यामुळे वाढपट्टीत (हाडाच्या टोकाजवळ लांबी वाढवणाऱ्या कूर्चेच्या पट्टीत) त्याचे आकडे फार लहान येतात. पीसीएनए हे प्रथिन पेशीत बराच काळ टिकून राहते आणि विभाजन थांबल्यावरही खूण दाखवू शकते, म्हणून केवळ त्याच्यावर निष्कर्ष बेतू नये.

परवानग्या कोणत्या लागतात?

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी हातात येईपर्यंत एकाही उंदराला सुई लावायची नाही. अर्ज ‘फॉर्म बी’मध्ये करायचा असतो, आणि ईडीयूचे इंजेक्शन, त्याची मात्रा, किती तासांनी उंदीर मारणार आणि कोणत्या पद्धतीने, हे सगळे त्यात आधीच लिहिलेले असावे लागते. मंजुरी घेताना ‘हाडे गोळा करणे’ एवढेच लिहून नंतर इंजेक्शनची आठवण झाली, तर सुधारित अर्ज करावा लागतो आणि तोवर उंदरांचे वय वाढत राहते.

ईडीयूची मात्रा आणि वेळ कशी ठरवावी?

सर्वसाधारणपणे शरीराच्या दर किलोमागे १० ते ५० मिलिग्रॅम ईडीयू पोटाच्या पोकळीत टोचले जाते. २० ग्रॅमच्या उंदराला किलोमागे ५० मिलिग्रॅम द्यायचे म्हटले तर १ मिलिग्रॅम ईडीयू लागते, म्हणजे दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असे द्रावण केल्यास २०० मायक्रोलिटर. द्रावण निर्जंतुक सलाइनमध्ये किंवा पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर घातलेल्या सलाइनमध्ये) करावे आणि कण राहिले तर किंचित कोमट करावे. पावडर तोलताना हातमोजे आणि मास्क हवाच, कारण डीएनएत शिरणारा पदार्थ तोलणाऱ्याच्या डीएनएबाबत काही वेगळा शिष्टाचार पाळत नाही.

वाढपट्टीतील कूर्चापेशी पाहायच्या असतील तर इंजेक्शननंतर २ ते ४ तासांनी हाड घेणे पुरते. अस्थिमज्जेतही तेवढ्यात भरपूर पेशी खूण घेतात. हाडाच्या बाहेरच्या आवरणातील, म्हणजे पर्यास्थीतील पेशी मात्र सावकाश विभाजित होतात. तिथे एका इंजेक्शनने स्लाइड जवळजवळ कोरी दिसू शकते, म्हणून काही दिवस रोज एक इंजेक्शन द्यावे लागते. विभाजनाचे प्रमाण दिवसाच्या वेळेनुसारही बदलते, तेव्हा सगळ्या गटांना एकाच सुमारास टोचावे. नियंत्रण गट सकाळी दहाला आणि औषधाचा गट जेवणानंतर, असे केल्यास आलेला फरक औषधाचा की घड्याळाचा हे मागाहून सांगता येत नाही.

वयही महत्त्वाचे आहे. २ ते ४ आठवड्यांच्या उंदराच्या वाढपट्टीत स्तंभाकार रचलेल्या विभाजित पेशी ठळक दिसतात. उंदराची वाढपट्टी माणसासारखी पूर्ण बंद होत नसली तरी तारुण्यानंतर ती पातळ होत जाते आणि विभाजन ओसरते. १२ आठवड्यांच्या उंदरात खुणा कमी दिसल्या म्हणून प्रयोग फसला असे समजू नये.

हाड काढताना काय जपावे?

वेळ आणि टोके, या दोन गोष्टी जपाव्यात. उंदीर मारल्यापासून हाड फिक्सेटिव्हमध्ये पडेपर्यंतचा वेळ मिनिटांत मोजावा, आणि एका बैठकीत जितकी हाडे नीट काढता येतील तितकेच उंदीर घ्यावेत. स्नायू कात्रीने आणि गॉजच्या तुकड्याने काढावेत. पर्यास्थी पाहायची असेल तर खरवडून काढू नये, स्नायूचा पातळ थर राहिला तरी चालतो. गुडघ्याचा सांधा अखंड ठेवला तर मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक एकाच ब्लॉकमध्ये येते आणि दिशा ठरवणेही सोपे जाते.

फिक्सेशन किती वेळ आणि कसे करावे?

पीबीएसमध्ये केलेले, ७.४ पीएचचे ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, ४ अंश सेल्सिअसला, २४ तास, हलत्या रॉकरवर : हे आमचे नेहमीचे प्रमाण आहे. द्रावण हाडाच्या किमान २० पट असावे. नवजात पिल्लांच्या हाडांना काही तास ते एक रात्र पुरते, तर मोठ्या उंदराच्या न उघडलेल्या हाडाला ४८ तासही लागू शकतात. पावडरपासून द्रावण करताना पाणी ६० अंशांच्या आसपास तापवून, थोडे सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालून ते निवळ होऊ द्यावे, थंड करून गाळावे आणि मगच पीएच तपासावा. हे सारे काम फ्यूम हूडमध्येच करायचे आहे. फॉर्मल्डिहाइड हा माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून सिद्ध झालेला आहे आणि ‘वास येत नाही’ हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे.

इथे सर्वाधिक होणारी चूक सांगतो. एका विद्यार्थिनीने आठ उंदरांची मांडीची हाडे अखंडच फिक्सेटिव्हमध्ये टाकली, दोन आठवडे कॅल्शियम काढले, सुंदर सेक्शन कापली आणि ईडीयूचा रंग दिला. दोन्ही टोकांना वाढपट्टीतील केंद्रके हिरव्या मण्यांसारखी चमकत होती, पण दांड्याच्या मध्यावरची मज्जा धुरकट होती. केंद्रके सुजलेली, कडा पुसट आणि खुणा तुरळक. तिने तो भाग ‘विभाजन कमी’ असा नोंदवला होता. खरे तर तिथे विभाजन कमी नव्हते, फिक्सेटिव्ह पोहोचण्याआधीच पेशी विरघळू लागल्या होत्या. म्हणून मज्जा पाहायची असेल तर दांडा मध्यावर धारदार पात्याने छेदावा, किंवा ज्या टोकाशी आपले काम नाही ते कापून टाकावे. गुडघा पाहायचा असेल तर मांडीचे हाड मध्यावर आणि नडगी मध्यावर कापली की दोन्ही बाजूंनी वाट मोकळी होते. कात्रीने चिरडू नये, चिरडलेल्या हाडाच्या कपच्या मज्जेत घुसतात आणि नंतर पात्याला लागतात.

उलट टोकाची चूकही होते. शुक्रवारी दुपारी हाडे पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये टाकून पुढच्या बुधवारी आठवण झाली, तर ईडीयू बहुधा तग धरतो, केआय-६७ मात्र रुसतो, कारण प्रथिनांमध्ये जास्तीचे आडवे बंध तयार होऊन प्रतिजन झाकले जाते. पुढे काही दिवस वेळ मिळणार नसेल तर फिक्सेशन संपल्यावर हाडे पीबीएसने धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये ४ अंशांना ठेवावीत.

पद्धतीत ‘रूम टेंपरेचर’ लिहिले असेल तर?

ते बहुधा २० ते २५ अंशांचे असते. मे महिन्यात मुंबईतल्या बिनवातानुकूलित खोलीत टेबलावरचा थर्मामीटर ३२-३३ दाखवतो. त्या तापमानाला फिक्सेशनआधीची कुजण्याची क्रिया आणि आम्लाचे नुकसान, दोन्हींना वेग येतो. फ्रिजमध्ये करता येणारी प्रत्येक पायरी आम्ही फ्रिजमध्येच करतो.

कॅल्शियम काढण्यासाठी आम्ल वापरावे की ईडीटीए?

पेशीविभाजनाच्या कामासाठी ईडीटीए, आणि त्यावर फारशी चर्चा करण्याची आमची तयारी नसते. नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल एक-दोन दिवसांत काम उरकते, आणि रुग्णाचा अहवाल लवकर द्यायचा असलेल्या रुग्णालयातील विभागाला तशी घाई असणे रास्तही आहे. पण तीव्र आम्ल डीएनएमधील प्युरीन बेस तोडते. डीएनए दाखवणारे जुने फॉयल्गेन अभिरंजन याच तोडण्यावर उभे आहे, तिथे ती क्रिया मोजून-मापून करतात, इथे ती दोन दिवस मोकाट चालते. मग केंद्रकाला हिमॅटॉक्सिलीन हा नेहमीचा रंगही धड लागत नाही, ईडीयू तर दूरच. ५ ते १० टक्के फॉर्मिक आम्ल तुलनेने सौम्य आहे. फारच निकड असेल आणि केवळ केआय-६७ पाहायचे असेल, तर त्याचा विचार करता येतो, पण तेव्हाही रोज तपासून वेळेवर बाहेर काढावे.

ईडीटीए आम्लासारखे खनिज विरघळवत नाही, तर सुट्या होणाऱ्या कॅल्शियमला एकेक करून पकडून ठेवते. एक रेणू एकच कॅल्शियम धरतो, म्हणून द्रावण भरपूर हवे आणि ते वारंवार बदलायला हवे. आम्ही १४ टक्के वापरतो : एक लिटरसाठी १४० ग्रॅम डायसोडियम ईडीटीए सुमारे ८०० मिलिलिटर पाण्यात घालून ढवळत ठेवायचे आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या थोड्या थोड्या टाकायच्या. सुरुवातीला पांढरे गढूळ पाणी बराच वेळ तसेच राहते आणि नवखा माणूस घाबरून आणखी पाणी ओततो. ते करू नये. पीएच सातच्या पुढे सरकू लागला की गढूळपणा आपोआप निवळतो. मग पीएच ७.४ वर आणून लिटर पूर्ण करावा.

हाडाच्या किमान २० पट द्रावण, ४ अंश, रॉकर, आणि दर दोन-तीन दिवसांनी नवे द्रावण. नवजात पिल्लांना एक ते तीन दिवस, तीन-चार आठवड्यांच्या उंदराला साधारण आठवडा, प्रौढ उंदराला १० ते १४ दिवस आणि कधी त्याहून जास्त. घाई असल्यास खोलीच्या तापमानाला काम लवकर होते हे खरे, पण आपल्या खोलीचे तापमान कसे असते ते वर सांगितलेच आहे. रॉकरसह फ्रिज बंद पडल्याचे सोमवारी सकाळी कळते, असा अनुभव आम्ही एका जोडसुट्टीनंतर घेतला आहे. तेव्हापासून शनिवारी कोणीतरी येऊन पाहून जातो.

कॅल्शियम पूर्ण निघाले हे कसे ओळखावे?

एक्स-रेची सोय असेल तर तो सर्वांत भरवशाचा, कारण उरलेले खनिज पांढरे दिसते. सोय नसेल तर चिमट्यात धरून हाड हलकेच वाकवावे, ते ओल्या रबरासारखे वाकले पाहिजे. सुई टोचून पाहण्याची जुनी पद्धत आहे, पण ती आपल्याला नको असलेल्या टोकालाच वापरावी, वाढपट्टीला भोक पाडून तपासणी करण्यात अर्थ नाही. आम्ही प्रत्येक तुकडीत एक जादा हाड ठेवतो आणि सगळे वाकवणे-टोचणे त्याच्यावरच करतो.

ईडीटीए नंतर धुण्याला एवढे महत्त्व कशाला?

कारण ईडीटीए धातू पकडते, आणि पुढच्या पायऱ्यांना धातू लागतात. ईडीयूच्या क्लिक अभिक्रियेचे सगळे काम तांबे करते, आणि ऊतीत ईडीटीए उरले असेल तर ते तांब्यालाही तितक्याच आवडीने गिळते. रंग फिका येतो किंवा येतच नाही. बीआरडीयूसाठी आम्लाऐवजी डीएनेज वापरणाऱ्यांचेही हेच होते, कारण त्या विकराला (एन्झाइमला) मॅग्नेशियम आणि कॅल्शियम हवे असते. शिवाय ईडीटीए अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. न धुता थेट ७० टक्के इथेनॉलमध्ये टाकलेल्या हाडात पांढरे स्फटिक तयार होतात, आणि ब्लॉक कापताना पात्याखाली बारीक वाळू आल्यासारखी करकर ऐकू येते.

म्हणून पीबीएसमध्ये किमान तीनदा, प्रत्येक वेळी तासभर, आणि जमल्यास शेवटचे धुणे रात्रभर. प्रतिजन उघडण्यासाठी ईडीटीए असलेला बफर वापरला असेल, तर त्यानंतर सेक्शनही तितकेच धुवावे. सोडियम अझाइड घातलेल्या बफरमध्ये नमुना साठवला असेल, तर क्लिक अभिक्रियेआधी तोही धुऊन काढावा, कारण अभिक्रियेत आपण अझाइडच वापरत असतो.

पॅराफिन चांगले की क्रायो?

रचना पाहायची आणि ब्लॉक वर्षानुवर्षे ठेवायचा असेल तर पॅराफिन. उंदरात आधीच एखादे प्रकाशमान प्रथिन असेल, किंवा उष्णता न सोसणारा प्रतिपिंड जोडीला लावायचा असेल, तर क्रायो, म्हणजे गोठवून कापणे.

पॅराफिनसाठी अल्कोहोलची चढती भाजणी, झायलीन आणि वितळलेले मेण हा नेहमीचाच क्रम आहे. हाडाला प्रत्येक टप्प्यावर थोडा अधिक वेळ द्यावा, आणि मेण निर्वातात भरता आले तर मज्जेच्या पोकळीतील हवा निघून जाते. कापण्याआधी ब्लॉकचे तोंड बर्फाच्या पाण्यावर १५-२० मिनिटे ठेवल्यास ५ मायक्रोमीटरचे सेक्शन अखंड येते. क्रायोसाठी हाड ३० टक्के सुक्रोजमध्ये बुडेपर्यंत ठेवायचे. तरंगते आहे तोवर गोठवायचे नाही, नाहीतर मज्जेत बर्फाच्या स्फटिकांची जाळी दिसते. कॅल्शियम न काढताच कापायचे असेल तर चिकट फिल्म लावून टंगस्टन कार्बाइडच्या पात्याने कापण्याची कावामोतो यांची पद्धत आहे, मात्र ती हाताला बसायला वेळ लागतो.

सेक्शन स्लाइडवरून सुटते, विशेषतः पावसाळ्यात. काय करावे?

जून ते सप्टेंबर आमच्याकडे हीच तक्रार असते. हवेत इतका ओलावा असतो की टेबलावर ‘वाळत’ ठेवलेली स्लाइड दुसऱ्या दिवशीही वाळलेली नसते. सेक्शनच्या आणि काचेच्या मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो, आणि उकळत्या बफरमध्ये गेल्यावर हाडाचा भाग तिथूनच फुगून वर येतो. मऊ मज्जा चिकटून राहते आणि कठीण कवच पडद्यासारखे लोंबते, हे चित्र एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही.

उपाय असे. साधी काच न घेता सिलेनचा किंवा पॉली-लायसीनचा लेप असलेली, धनभारित काच घ्यावी. पाण्याच्या तवंगावरून सेक्शन उचलल्यावर स्लाइड उभी करून पाणी पूर्ण निथळू द्यावे. ३७ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर, शक्य असल्यास दोन रात्री ठेवावी, आणि अभिरंजनाच्या दिवशी ६० अंशांना तासभर. वाळलेल्या स्लाइड सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवाव्यात. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते, फेकण्याची गरज नाही.

क्रायो स्लाइडबाबत एक नियम पाळावा. उणे ८० अंशांतून काढलेला डबा बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मगच उघडावा. जुलैत थंड डबा लगेच उघडला तर फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला सुटतो तसा घाम प्रत्येक स्लाइडला सुटतो, आणि सेक्शन त्यावर तरंगू लागते.

केआय-६७ साठी उकळणे टाळता येईल का?

उकळणे टाळता येते, उष्णता नाही. ६.० पीएचच्या सिट्रेट बफरमध्ये ६० अंशांना रात्रभर ठेवल्यास प्रतिजन पुरेसे उघडते आणि बुडबुडे नसल्यामुळे सेक्शनही टिकते. वेळ जातो, पण पुन्हा सेक्शन कापण्यात जाणाऱ्या वेळापेक्षा तो कमीच असतो. ईडीयूला ही पायरी लागतच नाही. त्याला ०.५ टक्के ट्रायटन या साबणासारख्या द्रव्यात २० मिनिटे पुरतात. दोन्ही एकत्र करायचे असल्यास आधी उष्णतेची पायरी, मग क्लिक अभिक्रिया आणि शेवटी प्रतिपिंड, असा क्रम आम्ही ठेवतो. क्लिकसाठीचे अॅस्कॉर्बेट त्याच दिवशी विरघळवावे. पिवळे पडलेले द्रावण टाकून द्यावे, त्याच्याने तांबे हव्या त्या रूपात राहत नाही.

सगळीच मज्जा चमकते. यातला खरा रंग कोणता?

मज्जेत तांबड्या पेशी ठासून भरलेल्या असतात आणि त्या स्वतःच चमकतात, सूक्ष्मदर्शकाच्या हिरव्या वाहिनीत (चॅनेलमध्ये) सर्वाधिक. म्हणून ईडीयूसाठी ६४७ नॅनोमीटर भागातील रंग निवडावा. मारण्याच्या वेळी पीबीएसने रक्त धुऊन काढता आले तर आणखी बरे. खरी खूण केंद्रकात, डीएनए रंगवणाऱ्या डॅपीच्या निळ्या रंगावर नेमकी बसलेली असते. पेशीभर पसरलेली चमक ही खूण नव्हे.

तपकिरी रंगाची पद्धत वापरणाऱ्यांना मज्जेतल्या पेरॉक्सिडेजचा त्रास होतो. ते विकर दाबण्यासाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले तर मज्जेवर फेस येतो आणि तोच फेस सेक्शन उचलतो. मिथेनॉलमधील ०.३ टक्के द्रावण सावकाश काम करते. आणि उंदरावर उंदराचाच प्रतिपिंड वापरू नये. मूळ (प्राथमिक) प्रतिपिंडाला धरून रंग दाखवणारा दुय्यम प्रतिपिंड उंदराच्या स्वतःच्या सगळ्या इम्युनोग्लोब्युलिनलाही (प्रतिपिंडांनाही) धरतो, आणि मज्जेत ते बनवणाऱ्या पेशीच राहतात. माणसाच्या ऊतींसाठी प्रसिद्ध असलेला एमआयबी-१ हा प्रतिपिंड उंदरात केआय-६७ साठी घेऊ नये, सशाचा एसपी-६ घ्यावा.

नियंत्रण स्लाइड कोणत्या हव्यात?

त्याच उंदराच्या लहान आतड्याचा तुकडा. आतड्याच्या खळग्यांतील पेशी इतक्या वेगाने विभाजित होतात की तिथे खूण दिसली नाही तर इंजेक्शनच चुकले आहे, आणि तिथे दिसून हाडात दिसली नाही तर दोष हाडाच्या तयारीत आहे. या एका तुकड्याने आमचे कित्येक वाद मिटवले आहेत. याशिवाय ईडीयू न टोचलेल्या उंदराचे हाड आणि प्राथमिक प्रतिपिंड वगळलेली स्लाइड.

मोजणी कुठे आणि कशी करावी?

वाढपट्टीच्या मध्यातून गेलेले सेक्शन घ्यावे, ज्यात पेशींचे स्तंभ वरपासून खालपर्यंत अखंड दिसतात. स्तंभ तिरके तुटलेले असतील तर कापणीचा कोन चुकला आहे आणि क्षेत्रांच्या सीमा फसव्या असतात. विभाजनशील क्षेत्रातील खुणा असलेली केंद्रके भागिले त्याच क्षेत्रातील एकूण केंद्रके, असे प्रमाण काढावे. प्रत्येक हाडातून एकमेकांपासून दूरची किमान तीन सेक्शन घ्यावीत, त्यांची सरासरी म्हणजे एक आकडा, आणि एक उंदीर म्हणजे एक नमुना. तीन उंदरांची तीस सेक्शन म्हणजे तीस नमुने नव्हेत. मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा, लेबलवर टेप लावून दुसऱ्याने क्रमांक घालून दिले की तेवढ्याने काम भागते.

हाडे एका संस्थेतून दुसरीकडे न्यायची असतील तर?

प्राणिगृह खारघरला आणि मायक्रोटोम परळला, अशी विभागणी मुंबईत नवलाची नाही. फिक्सेशन जिथे उंदीर आहे तिथेच पूर्ण करावे, पीबीएसने धुवावे आणि झाकण घट्ट असलेल्या नळ्या दुहेरी पिशवीत, थंड पॅकसह थर्माकोलच्या डब्यात आणाव्यात. फॉर्मलिनची बाटली घेऊन लोकलमध्ये चढू नये. कुर्ल्याला गाडी बदलताना ती फुटली तर काय होईल, याचा विचार निघण्याआधी करावा. नळीवर पेन्सिलने लिहिलेला कागदाचा तुकडा आतही टाकावा, बाहेरची मार्करची अक्षरे अल्कोहोलने पुसली जातात.

ब्लॉक कापायला घेतल्यावरच कळले की आत कॅल्शियम उरले आहे. ब्लॉक वाया गेला का?

बहुधा नाही. पात्याला करकर लागताच थांबावे, कापत राहिल्यास कवच निखळून मज्जेतून ओढले जाते. ब्लॉकचे उघडे तोंड खाली करून ते उथळ ताटलीतल्या ईडीटीएवर काही तास ते रात्रभर ठेवावे, मग पाण्याने चांगले धुवावे, बर्फावर थंड करावे आणि नव्या पात्याने कापावे. वरचे थोडेच मायक्रोमीटर मऊ झालेले असतात, त्यामुळे ब्लॉक मायक्रोटोमवर तंतोतंत जुन्याच कोनात बसवावा, कोन जुळवण्यासाठी तासण्यातच तो मऊ थर निघून जातो. मिळतील तेवढी सेक्शन त्याच बैठकीत उचलून घ्यावीत. ईडीयूसाठी ठेवलेली सेक्शन मेण काढल्यावर पीबीएसमध्ये नेहमीपेक्षा एकदा जास्त धुवावीत, कारण या वेळी ईडीटीए थेट त्यांच्याच तोंडाला लागलेले असते.